पूर्वजांची चाल आणि पडद्यावरील वेग

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टिपलेले एखादे चलच्चित्र दूरचित्रवाणीवर दाखविले गेले की घराघरांतून हशा पिकतो. राजेमहाराजे तुरुतुरु चालतात. सैनिकांची पलटण खेळण्यातल्या बाहुल्यांप्रमाणे पावले टाकते. अंत्ययात्रेतील शोकाकुल माणसेसुद्धा गाडी चुकेल अशा लगबगीने दफनभूमीकडे निघालेली दिसतात. ‘त्या काळची माणसे अशीच चालत होती काय?’ असा प्रश्न मुले विचारतात आणि वडीलधारी मंडळी हसून विषय बदलतात.

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ती माणसे तुमच्याआमच्यासारखीच चालत होती. त्यांच्या चालीत काही उणे नव्हते. उणे आहे ते आपल्या हिशेबात. एका सेकंदात किती चित्रे टिपली गेली आणि एका सेकंदात किती दाखविली गेली, या दोन आकड्यांचा मेळ आपण घातला नाही; त्यामुळे कित्येक पिढ्यांची चालरीत विनोदाचा विषय होऊन बसली. या आकड्यांचा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. विषय वरवर पाहता यंत्रविद्येचा आहे; परंतु त्यात मानवाचा डोळा, मानवाचे मन आणि मृतांविषयीचे आपले कर्तव्य ही तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

कोलीत आणि चकती

अंधारात जळते कोलीत गरगर फिरविले म्हणजे तेजाचे अखंड वर्तुळ दिसते, हा अनुभव फार जुना. आपल्या देशातील तत्त्वचिंतकांनी त्याला ‘अलातचक्र’ असे नाव दिले आणि गौडपादाचार्यांनी आपल्या कारिकांच्या चौथ्या प्रकरणात त्याच दृष्टांतावर मोठा तात्त्विक इमला उभारला. पश्चिमेकडे ॲरिस्टॉटलने स्वप्नांविषयीच्या ग्रंथात सूर्याकडे पाहून डोळे मिटल्यावर उरणाऱ्या प्रतिमेची नोंद केली आहे. या अनुभवाला मोजपट्टी लावली ती मात्र पुष्कळ उशिरा. १७६५ साली फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या दार्सी नावाच्या आयरिश सरदाराने चाकाला निखारा बांधून तो फिरविला आणि वर्तुळ अखंड दिसण्यासाठी एक फेरा किती वेळात पुरा व्हावा लागतो ते मोजले. उत्तर आले सुमारे ०.१३ सेकंद.

१८३२ साली बेल्जियममधील जोझेफ प्लॅटो या शास्त्रज्ञाने एका चकतीच्या कडेला फटी पाडल्या आणि नर्तकाच्या निरनिराळ्या अवस्थांची चित्रे तिच्यावर क्रमाने काढली. चकती आरशासमोर फिरवून फटींतून पाहिले असता नर्तक गिरक्या घेऊ लागला. त्याच सुमारास व्हिएन्ना येथे श्टाम्फर या प्राध्यापकाने स्वतंत्रपणे तसेच साधन सिद्ध केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. फटी नसत्या तर चित्रे एकमेकांत मिसळून नुसता करडा पट्टा दिसला असता. म्हणजे हालचाल दिसण्यासाठी चित्रांइतकीच चित्रांमधील अंधाराचीही आवश्यकता होती. ज्या प्लॅटोने जगाला हलते चित्र दिले त्याची स्वतःची दृष्टी १८४३ पर्यंत पूर्णपणे गेली. तरीही पुढे चाळीस वर्षे पत्नी, मुलगा आणि जावई यांच्या डोळ्यांनी पाहून त्याने आपले संशोधन चालू ठेवले.

पडद्यावर प्रकाशाने चित्र पाडण्याची विद्या तर याहूनही जुनी. आथानासियुस किर्शर या येशूसंघीय धर्मगुरूंनी १६४६ साली रोम येथे प्रकाश आणि छाया या विषयावर प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. १६७१ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी जादूच्या कंदिलाची चित्रेही दिली. अर्थात हा कंदील प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय डच शास्त्रज्ञ हॉयगेन्स यांच्याकडे, १६५९ सालाकडे जाते. आपल्या कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने रंगविलेल्या काचांचे जे खेळ केले ते याच कुळातले. चकतीतील हालचाल आणि कंदिलातील प्रकाश यांची गाठ पडणे तेवढे बाकी होते.

सोळा, तीस की चाळीस?

ही गाठ पडण्यासाठी खऱ्या जगाची हालचाल तुकड्या-तुकड्यांनी टिपता येणे आवश्यक होते. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या छायाचित्रकाराने ओळीने बारा कॅमेरे मांडले आणि धावत्या घोड्याच्या टापांनी दोरे तुटताच एकेक छायाचित्र आपोआप निघेल अशी व्यवस्था केली. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात आणि तेही पोटाखाली आखडलेले असतात, हे प्रथमच सिद्ध झाले. चित्रकारांनी शतकानुशतके पुढेमागे ताणलेले पाय रंगविले होते. १८८२ साली मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला १२ चित्रे घेतली.

यानंतर मतभेदांना तोंड फुटले. एडिसनच्या कार्यशाळेत डिक्सन या साहाय्यकाने घडविलेल्या यंत्रात, एका पेटीत डोकावून, एका वेळी एकाच माणसाला चित्र पाहता येई. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये ते लोकांसाठी खुले झाले. एडिसनची पसंती सेकंदाला ४६ चित्रांना होती. प्रत्यक्षात वेग ४० च्या आसपास असे. ल्यों येथील ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली हा आकडा १६ वर आणला. शिवणयंत्रात कापड जसे क्षणभर थांबते, पुढे सरकते आणि पुन्हा थांबते, तशी फीत पुढे सरकविण्याची युक्ती लुई ल्युमिएर यांना सुचली होती. हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे आणि सेकंदाला दोन फेरे, असा तो सोपा हिशेब होता. कमी चित्रे म्हणजे कमी फीत, कमी खर्च आणि हलके यंत्र. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांपुढे त्यांचा पहिला खेळ झाला आणि अवघ्या सहा महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, तेच यंत्र मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखल झाले.

तिसरा पक्ष डिक्सनचाच. एडिसनपासून दूर झाल्यावर त्याने बायोग्राफ कंपनीसाठी जवळजवळ दुप्पट रुंदीच्या फितीवर सेकंदाला ३० वा त्याहूनही अधिक चित्रे घेणारा कॅमेरा वापरला. याच कॅमेऱ्याने १८९८ साली व्हॅटिकनच्या उद्यानात पोप महोदय तेरावे लिओ यांचे चित्रण केले. ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकाने कामगारांची बाजू घेणारे हे परमगुरू तेव्हा ८८ वर्षांचे होते. त्यांचा जन्म १८१० चा, म्हणजे नेपोलियनच्या अमदानीतला. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून आशीर्वाद दिला. अधिक चित्रे घेतल्यामुळे त्या कृश हाताची हालचाल आजही विलक्षण सलग दिसते. त्याच दशकातील इतर कितीतरी थोर माणसे मात्र पडद्यावर उड्या मारीत राहिली.

दोन वेगळे प्रश्न

सेकंदाला किती चित्रे पुरेशी, या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत. त्यांची गल्लत झाल्याने पाठ्यपुस्तकांतूनही बराच काळ गोंधळ राहिला.

पहिला प्रश्न : सुटी चित्रे ‘हालचाल’ म्हणून केव्हा दिसू लागतात? याला फार मोठा वेग लागत नाही. सेकंदाला दहा-बारा चित्रे असली तरी मन त्यांची साखळी गुंफते. व्यंगपट काढणारे कलावंत पुष्कळदा सेकंदाला १२ च चित्रे रेखाटतात आणि प्रत्येक दोनदा छापतात.

दुसरा प्रश्न : दोन चित्रांमधील अंधाराची लुकलुक केव्हा जाणवेनाशी होते? याला बराच अधिक वेग लागतो. चित्रगृहातील उजेडात सेकंदाला सुमारे ४८ उघडझापी तरी हव्यात. पडदा जितका तेजस्वी तितका हा आकडा वाढतो. सोळा चित्रांच्या काळात पडदा सतत लुकलुकत असे. इंग्रजी बोलीत चित्रपटाला जे ‘फ्लिक’ नाव पडले ते या लुकलुकीवरूनच.

यावरचा उपाय फार सुंदर होता. १९०३ च्या सुमारास प्रक्षेपकातील फिरत्या झडपेला एकाऐवजी तीन पाती बसविण्यात आली. चित्रे सेकंदाला १६ च राहिली. पण प्रत्येक चित्र तीनदा उजळू लागले. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस! नवी फीत एक इंचही न लागता लुकलुक थांबली. पुढे चित्रे २४ झाली तेव्हा प्रत्येक दोनदा दाखवून तोच ४८ चा आकडा साधण्यात आला. परिणामी, फितीवरचा दोन तासांचा चित्रपट पाहताना प्रेक्षक त्यातील जवळजवळ निम्मा वेळ काळोख्या पडद्यासमोर बसलेला असे आणि त्याला त्याचा पत्ताही नसे.

हालचाल दिसते ती डोळ्यांच्या पडद्यावर मागील प्रतिमा रेंगाळल्यामुळे, असे ‘दृष्टिसातत्या’च्या नावाखाली शिकविले जाई. नीट विचार केला तर हे पटत नाही. प्रतिमा नुसत्याच रेंगाळल्या तर त्या एकमेकींवर साचतील आणि रांगोळी विस्कटल्यासारखे दिसेल. १९१२ साली माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीत साध्या दोन रेघा एकामागून एक दाखवून प्रयोग केले. दोहोंमधील अंतर सेकंदाचा एकपंचमांश ठेवले तर दोन सुट्या रेघा दिसत. ते सेकंदाच्या तीनशतांशावर आणले तर दोन्ही एकदमच दिसत. सेकंदाच्या सहाशतांशाच्या आसपास मात्र एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. सरकणारी रेघ मुळात कोठेच नव्हती. ती डोळ्याने पाहिली नव्हती, मनाने घडविली होती.

ऐतिहासिक चित्रपटात धावत्या रथाची चाके उलटी फिरताना आपण सर्वांनीच पाहिली आहेत. दोन चित्रांमधल्या अवधीत आरा पुढच्या आऱ्याच्या जागेपाशी पोचला, पण किंचित मागे राहिला, तर मन जवळचा मार्ग निवडते आणि चाक मागे गेले असा निवाडा देते. साखळी गुंफणारे मन फसते ते असे.

गुरुविद्यालयात तत्त्वज्ञान शिकलेल्यांना येथे झेनोचा बाण आठवेल. बाण प्रत्येक क्षणी एकाच जागी असतो, मग तो उडतो केव्हा, असा त्या ग्रीक तत्त्वज्ञाचा पेच होता. चित्रपटाच्या फितीवर झेनोचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते. तेथे बाण कधीच उडत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यांनी १९०७ साली आपल्या बुद्धीलाच चलच्चित्रयंत्राची उपमा दिली : बुद्धी वाहत्या जीवनाचे स्थिर तुकडे करते आणि मग त्यांना गती जोडू पाहते. त्यापूर्वी कितीतरी शतके संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबां’च्या अकराव्या भागात काळाचे कोडे सोडविताना म्हटले होते की, भूत, वर्तमान आणि भविष्य यांना एकत्र धरून ठेवतो तो आत्मा, स्मृती, अवधान आणि अपेक्षा या त्याच्या तीन शक्ती. सुटी चित्रे आणि मधला अंधार यांतून अखंड जीवन पाहणारा चित्रपटाचा प्रेक्षक म्हणजे संत ऑगस्टीन यांच्या विचाराचे जणू चालतेबोलते उदाहरण होय.

हँडल फिरविणारे दोन हात

मूकपटाच्या काळात कॅमेऱ्याचे हँडल एक माणूस फिरवी आणि प्रक्षेपकाचे दुसरा. दोघे बहुधा एकमेकांना कधी भेटतही नसत. कॅमेरावाला उजेड कमी असेल तर संथ फिरवी, म्हणजे प्रत्येक चित्राला जास्त प्रकाश मिळे. विनोदी प्रसंगांत तो मुद्दाम संथ फिरवी, म्हणजे पडद्यावर पात्रांची धावपळ उडे. चित्रगृहातील माणूस खेळ लवकर संपवून पुढचा लावण्यासाठी वेग वाढवी. म्हणून मूकपटांचा वेग ‘१६’ असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. १९२० च्या दशकात तो वाढत वाढत २० च्या आणि काही ठिकाणी २४ च्याही पुढे गेला होता.

वेग वाढण्यामागे आगीचे भयही होते. त्या काळची फीत नायट्रेटची, अत्यंत ज्वालाग्राही. दिव्यासमोर ती रेंगाळली वा अडकली की पेट घेई. प्रक्षेपणातील आगीचा धडा जगाला मिळाला तो एका कॅथलिक धर्मादाय मेळ्यात. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या ‘बाझार द ला शारिते’मध्ये चलच्चित्राच्या प्रक्षेपकाचा ईथरवर जळणारा दिवा पेटविताना भडका उडाला आणि लाकूड-कापडाच्या त्या मांडवात सव्वाशेच्या आसपास माणसे होरपळून मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. डॉमिनिकन संघाच्या प्रापंचिक शाखेच्या सदस्य असलेल्या आलांसोंच्या डचेस सोफी यांनी इतरांना आधी बाहेर काढण्याचा आग्रह धरला आणि त्या तेथेच मृत्यू पावल्या. त्या जागी आज मातेचे स्मारकमंदिर उभे आहे. नव्या कलेच्या पाळण्याशेजारीच अशी एक चिता पेटलेली होती.

आपल्याकडील कथाही याच दोन हातांची आहे. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहताना धुंडिराज गोविंद फाळके यांच्या मनात आपल्या देवदेवतांची चरित्रे अशीच पडद्यावर आणण्याचा संकल्प उमटला, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. प्रभू येशूच्या चरित्राचा आणि मराठी माणसाच्या चित्रपटाचा असा जन्मसंबंध आहे, ही गोष्ट आपल्या कुटुंबांतून मुलांना अवश्य सांगावी. त्यानंतर फाळके अहोरात्र चित्रपट पाहत आणि प्रयोग करीत राहिले. त्या ताणाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. उपचारांनी ती परत आली. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी टिपली. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला, वेल चढला. चित्रे टिपण्याचा वेग अगदी मंद आणि दाखविण्याचा नेहमीचा, एवढाच तो चमत्कार. पूर्वजांना हास्यास्पद करणारी तफावतच येथे, जाणून वापरल्यामुळे, सृष्टीचे दर्शन घडविणारी ठरली.

कोरी फीत कडांना छिद्रे न पाडलेली येई. सरस्वतीबाई फाळके घरातील सर्व कामे आटोपून अंधारात ती छिद्रे पाडीत. एका फुटात १६ चौकटी आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रे, म्हणजे फुटामागे १२८ छिद्रे! ३ मे १९१३ रोजी गिरगावात प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांब होता. हा चित्रपट किती मिनिटांचा? सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर मिनिटाला ६० फूट, म्हणजे तासाभराहून थोडा अधिक. २४ धरल्या तर मिनिटाला ९० फूट, म्हणजे जेमतेम ४१ मिनिटे. एकाच चित्रपटाच्या कालावधीत वीस मिनिटांचा फरक! हरिश्चंद्राचे दुःख कमी झाले नाही. आपण ते घाईने पाहिले.

नव्वद फुटांचा निवाडा

हा सारा सैलपणा आवाजाने संपविला. डोळा वेगातील चढउतार खपवून घेतो, कान घेत नाही. गाण्याची तबकडी किंचित हळू फिरली तरी सूर उतरतो आणि ऐकणारा अस्वस्थ होतो. म्हणून बोलपट येताच हाताचे हँडल गेले आणि विजेची मोटर आली. पण मोटरला कोणता वेग द्यावा? १९२६ च्या सुमारास अमेरिकेत अभियंता स्टॅन्ली वॉटकिन्स यांनी चित्रगृहांत प्रत्यक्ष चालू असलेल्या वेगाची चौकशी करविली. मोठ्या चित्रगृहांत मिनिटाला ८० ते ९० फूट फीत चालविली जात होती. त्यातून ९० चा आकडा पक्का करण्यात आला आणि ९० फूट म्हणजे सेकंदाला २४ चौकटी. जगाने पुढे सुमारे शतकभर पाळलेला हा ‘चोवीस’ कोणा ऋषीच्या समाधीतून आलेला नाही. चालू रूढी, फितीचा खर्च आणि आवाजाची शुद्धता या तिघांमधील ती एक व्यवहारी तडजोड होती.

१९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपटाचा पाया घातला. त्याची कथाही हरिश्चंद्राचीच. तोच राजा, तोच सत्याचा आग्रह. मूकपटात तो हाताच्या गतीने चालला, बोलपटात मोटरच्या.

आणि येथेच जुन्या चित्रांवरील अन्याय सुरू झाला. जगभरची चित्रगृहे २४ वर स्थिरावल्यावर १६ ने टिपलेले मूकपटही त्याच यंत्रांवर चढले. माणसे दीडपट वेगाने चालू लागली, अर्ध्या तासाचा प्रसंग वीस मिनिटांत उरकू लागला. ज्यांनी मूकपट मूळ वेगाने कधी पाहिलेच नव्हते त्या पिढ्यांनी ठरवून टाकले की, जुने चित्रपट म्हणजे धांदलीचे चित्रपट.

संत जोनचे अश्रू

या वादाचे सर्वांत हृद्य उदाहरण आपल्या श्रद्धाविश्वातलेच आहे. जोन ऑफ आर्क यांना १९२० साली संतपद देण्यात आले. १९२८ साली डॅनिश दिग्दर्शक कार्ल ड्रायर यांनी त्यांच्या खटल्यावर आणि मरणावर मूकपट काढला. चित्रपटभर चेहरेच चेहरे : न्यायाधीशांचे कठोर, आणि फाल्कोनेत्ती या अभिनेत्रीचा, कातर तरी अढळ. पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आणि सरकारी परीक्षकांच्या सूचनेवरून त्यात काटछाट झाली. मूळ प्रत बर्लिनच्या आगीत भस्मसात झाली. अर्धशतकानंतर, १९८१ साली, ऑस्लोजवळील एका मनोरुग्णालयात काटछाटीपूर्वीची प्रत अनपेक्षितपणे सापडली. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उत्कृष्ट चित्रपटांची यादी काढली तेव्हा तिच्यात या चित्रपटाला मानाचे स्थान होते. ज्या कृतीला एका पिढीने कात्री लावली तिलाच दुसऱ्या पिढीने आदराने जवळ केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

प्रत मिळाली, पण वेग कोणता? अभ्यासकांत दोन पक्ष पडले. २० चौकटींनी दाखविला तर चित्रपट सुमारे ९७ मिनिटे चालतो. २४ चौकटींनी सुमारे ८१ मिनिटे. संताच्या गालावरून ओघळणारा अश्रू किती वेळ ओघळावा, असाच हा प्रश्न आहे. जलद वेगात न्यायाधीशांचा भडिमार अधिक असह्य होतो. संथ वेगात तिचे मौन अधिक खोल जाते. दोन्ही पक्षांशी आम्हाला वाद घालावयाचा नाही. त्या सोळा मिनिटांसाठी विद्वान माणसे वर्षानुवर्षे भांडली यातच एक सत्य आहे : दुसऱ्याचे दुःख किती वेगाने पाहावे हा केवळ यंत्राचा प्रश्न नसतो.

गुळगुळीतपणाचा मोह

चोवीस चौकटी सर्वांना कधीच पुरेशा वाटल्या नाहीत. कॅमेरा झपाट्याने आडवा फिरला की चित्र अडखळते. १९५५ साली ‘ओक्लाहोमा’ हा चित्रपट सेकंदाला ३० चौकटींनी टिपण्यात आला. पुढे डग्लस ट्रम्बुल यांनी प्रेक्षकांच्या शरीरावर उपकरणे लावून निरनिराळे वेग तपासले आणि ६० चौकटींवर प्रतिसाद सर्वांत तीव्र असतो असे अनुमान काढले. २०१२ साली ‘द हॉबिट’ ४८ चौकटींनी दाखविला गेला, तर २०१६ साली आंग ली यांनी थेट १२० पर्यंत मजल मारली.

आश्चर्य असे की, हालचाल इतकी सलग होऊनही पुष्कळ प्रेक्षक नाराज झाले. ‘हॉबिट’मधील राजवाडे लाकडी नेपथ्यासारखे दिसतात, चेहऱ्यावरची रंगरंगोटी दिसते, अशी तक्रार झाली. याचे एक कारण सवयीत आहे. चोवीस चौकटींत प्रत्येक चित्र साधारणतः सेकंदाचा अठ्ठेचाळिसावा भाग उघडे राहते आणि हलत्या वस्तूची कड किंचित पुसट होते. कथेच्या दुनियेची ती खूण होऊन बसली आहे. उलट दूरचित्रवाणीच्या मालिका सेकंदाला पन्नास-साठ क्षणचित्रांनी टिपल्या जात असल्याने जास्त गुळगुळीतपणा म्हणजे मालिका, असे समीकरण मनात बसले. डोळ्याला अधिक दिले म्हणजे मनाला अधिक मिळतेच असे नाही. काही जागा मनाला भरू द्याव्या लागतात.

अलीकडे तर ही गोष्ट आपल्या बैठकीच्या खोलीत शिरली आहे. आजच्या अनेक दूरचित्रवाणी संचांत दोन चौकटींमध्ये आपल्या पदरची नवी चित्रे घालून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते आणि ती पुष्कळदा आधीपासूनच चालू असते. डिसेंबर २०१८ मध्ये अभिनेता टॉम क्रूझ याने ती बंद करण्याचे प्रेक्षकांना आवाहन केले. पुढील वर्षी दिग्दर्शकाच्या मूळ वेगाचा मान राखणारी निराळी सोय संचांत आणण्याचे जाहीर झाले. चित्रपट पाहताना ही कृत्रिम भर बंद करावी, असे आम्हीही सुचवितो. क्रिकेटचा सामना पाहताना मात्र ती खुशाल चालू असू द्यावी.

मग नवी चित्रे घालणे नेहमीच वाईट काय? तसे नाही. २०१८ साली पीटर जॅक्सन यांनी पहिल्या महायुद्धातील सैनिकांची चित्रे संगणकाच्या साहाय्याने सुधारून दाखविली. मूळ चित्रण सेकंदाला १० ते १८ चौकटी अशा अनियमित वेगाचे. आधी प्रत्येक तुकड्याचा खरा वेग शोधण्यात आला, मग मधली चित्रे भरून तो २४ वर बसविण्यात आला. पडद्यावरचे बाहुले अचानक माणसे झाले. चिखलातून जड पावलांनी जाणारे, एकमेकांना सिगारेट पेटवून देणारे ते तरुण पाहून प्रेक्षकांचे हसू मावळले. तंत्र जवळजवळ तेच; एका ठिकाणी ते सत्यावर मुलामा चढविते, दुसऱ्या ठिकाणी सत्यावरची धूळ पुसते. भेद हेतूत आणि निष्ठेत आहे.

कुटुंबांसाठी दोन शब्द

पोप महोदय अकरावे पायस यांनी १९३६ साली आणि बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपटाविषयी परिपत्रके लिहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर आदेशपत्र काढले आणि त्याच्या पहिल्याच शब्दांत या साधनांची गणना अद्भुत शोधांत केली. या दस्तऐवजांत भर आहे तो पडद्यावर काय दाखवावे आणि आपण काय पाहावे यावर. त्याला आम्ही एक लहानशी पुरवणी जोडू इच्छितो : काय पाहावे याबरोबरच कोणत्या वेगाने पाहावे, याचाही विचार हवा.

कारण हा प्रश्न दूरच्या राजांचा आणि सैनिकांचा नाही. आफ्रिकेत, आखाती देशांत वा बोटीवर नोकरी केलेल्या ज्या मंडळींनी हौसेने लहान कॅमेरे आणले त्यांच्या कपाटांत आजही लग्नाची, बाप्तिस्म्याची, सणाच्या मिरवणुकीची गुंडाळी पडलेली असू शकते. आठ मिलिमीटरच्या जुन्या फितीचा रूढ वेग सेकंदाला १६ चौकटी. १९६५ नंतरच्या ‘सुपर ८’ फितीचा १८. हीच फीत बेफिकिरीने दूरचित्रवाणीच्या २५ वर उतरविली तर आजोबा दीडपट वेगाने वेदीकडे धावतील आणि नातवंडे हसतील. म्हणून चित्रफीत उतरवून देणाऱ्यास आधी मूळ वेग विचारावा; तो त्याला ठाऊक नसेल तर काम दुसऱ्याकडे न्यावे. मूळ गुंडाळी मात्र कधीच टाकू नये. उद्या अधिक चांगली रीत निघेल तेव्हा तीच उपयोगी पडेल.

मृतांसाठी प्रार्थना करणे हे दयेचे कृत्य आहे, असे ख्रिस्तसभा आपल्याला शिकविते. त्यांची आठवण खरेपणाने जपणे हे त्याच कृत्याचे दुसरे अंग होय. जी माणसे डोक्यावर भाजीच्या पाट्या घेऊन सावकाश चालली, ज्यांनी दुःखात पावले जड केली आणि आनंदात हलकी केली, त्यांना त्यांच्या स्वतःच्या चालीने आपल्यापुढे येऊ द्यावे. त्यासाठी फारसे काही लागत नाही. दोन आकड्यांचा मेळ आणि थोडा आदर एवढे पुरते.